एका घंटीवर

ती. अण्णांस,
सा. न.

दिल्लीहून येताना त्या दिवशी तुम्ही पहिल्यांदा माझ्या विमानात बसलात. उतरल्यावर विमानतळाबाहेर माझी वाट बघत उभे होतात, आणि मी आल्यावर एवढंच विचारलंत, "जेवलीस का?" घाटकोपरच्या घरांची छपरं दिसायला लागली असताना विमान एकदम गर्जना करत परत वर का गेलं, हे तुम्ही विचारलं नाहीत. गाडीत नाही, घरी नाही, नंतर फोनवरही नाही. शेजारच्या सीटवरचा माणूस काय म्हणाला ते मला आईकडून कळलं. "बाई चालवतेय, म्हणून जमेना," असं तो म्हणाला, आणि तुम्ही खिडकीकडे तोंड करून बसलात.

घरी आले की तुमच्यासमोर बसून हे सांगता आलं असतं. पण त्या विमानात तुमच्यासारखेच दीडशेच्या वर लोक होते, आणि त्यांनाही कुणी नीट काही सांगितलं नाही. विमान का वळलं, एवढी दोन वाक्यांची घोषणा झाली, तेवढीच. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहून छापायलाही देतेय.

तुम्ही ३१ वर्षं एसटी चालवली, त्यातली बरीचशी नाशिक-मुंबई मार्गावर. कसारा घाट तुम्ही किती वेळा उतरलात याचा हिशेब कुणी ठेवला नाही. मी लहान असताना तुम्ही सांगायचात, "ज्या गिअरात घाट चढतो, त्याच गिअरात उतरायचा. ब्रेकवर उतरेल तो ड्रायव्हर नव्हे." मला वैमानिक होताना पुस्तकातून जे शिकावं लागलं त्याचा निम्मा भाग तुमच्या त्या वाक्यात होता. उतार सुरू झाल्यावर करायचं फार थोडं उरतं. उतार सुरू व्हायच्या आधी काय ठरवलं, त्यावर सगळं अवलंबून असतं.

त्या दिवशी आपण ३६,००० फुटांवर होतो. मुंबईचा विमानतळ समुद्रसपाटीपासून जेमतेम ४० फूट उंच. म्हणजे उंची जवळजवळ सगळीच गमवायची होती. आमचा ढोबळ हिशेब असा असतो की दर हजार फूट खाली यायला तीन मैल लागतात. हे मैल सागरी, एक मैल म्हणजे १.८५ किलोमीटर. छत्तीस त्रिक एकशे आठ. त्यात वेग कमी करायला आठ-दहा मैल आणखी. म्हणजे धावपट्टीपासून सव्वादोनशे किलोमीटर अलीकडेच आमचा घाट सुरू होतो. सुरत मागे पडली आणि इंजिनांचा आवाज बसला, तेव्हा तुम्ही आईचा हात धरलात म्हणे. तुम्हाला वाटलं, इंजिन बंद पडलं. बंद नव्हतं पडलं, अण्णा. आम्ही ते रिकामं फिरत ठेवलं होतं. तुमच्या भाषेत, गाडी न्यूट्रलला टाकली होती.

हे वाचून तुमच्या कपाळाला आठी पडणार. न्यूट्रलमध्ये घाट उतरणारा माणूस तुमच्या लेखी गुन्हेगार. पण विमान हवेवर तरंगतं. ३६,००० फुटांवरून इंजिनांच्या जोराशिवायही ते शंभर मैलांच्या आसपास जाऊ शकतं. नाक किती खाली करायचं, यावर वेग सांभाळायचा. नाक खाली केलं तर वेग वाढतो, वर उचललं तर वेग मरतो. यात इंधन वाचतं आणि खाली राहणाऱ्यांच्या कानावर आवाजही कमी पडतो. म्हणून चांगला उतार म्हणजे इंजिन एकदा शांत केलं की धावपट्टीजवळ येईपर्यंत त्याला हात लावावा लागू नये असा उतार. ते दर वेळी साधतंच असं नाही. साधलं तर मला घरी जातानाही बरं वाटत असतं.

अडचण ही की हवेत ब्रेक नाहीत. पंखांवरच्या पट्ट्या उभ्या करता येतात, त्याला आम्ही स्पीडब्रेक म्हणतो. त्याने विमान थरथरतं आणि थोडं जास्त वेगाने खाली येतं. पण तो तुमच्या एअरब्रेकसारखा नाही, पाय दाबला आणि गाडी उभी राहिली, असं त्यात होत नाही. विमान एकतर लवकर खाली येतं, नाहीतर हळू होतं. दोन्ही एकदम करायला सांगितलं की ते ऐकत नाही. उंची जास्त असणं आणि वेग जास्त असणं ही एकच उधारी आहे, एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घातली तरी फिटत नाही. फेडायला मैलच लागतात.

म्हणूनच उतार सुरू करण्याआधी दहा-पंधरा मिनिटं आम्ही दोघं हिशेबाला बसतो. कॉम्प्युटर त्याचा हिशेब देतो, तरी मी तोंडी गुणाकार करतेच. तीनचा पाढा कधी बिघडत नाही. वारा मागून असेल तर विमान ढकललं जातं, मग आणखी आधी सुरुवात करायची. समोरून असेल तर उशिरा. विमान जड असेल तर, ऐकायला उलटं वाटेल, पण त्याला खाली यायला जास्त अंतर लागतं. ठरलेल्या वेगाला भरलेलं विमान रिकाम्यापेक्षा चांगलं तरंगतं आणि खाली यायला तयार नसतं. भरलेली गाडी उतारावर आवरत नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार. पावसाळ्यात आणखी एक भानगड असते. ढगात शिरताना इंजिनावर बर्फ धरू नये म्हणून गरम हवा सोडावी लागते, त्यासाठी इंजिन रिकामं फिरतानाही थोडं जोरात फिरतं. म्हणजे विमान थोडं पुढे ढकललं जातं, उतार मंद होतो. जून ते सप्टेंबर मुंबईत उतरताना हे धरूनच चालावं लागतं.

त्याच बैठकीत आम्ही एक गोष्ट मोठ्याने बोलून ठेवतो: उतरता आलं नाही तर काय. परत वर कुठल्या दिशेने जायचं, किती उंचीवर थांबायचं, किती फेऱ्या मारायच्या, किती इंधन उरलं की मुंबई सोडून अहमदाबादचा रस्ता धरायचा, आणि तिथे पोचल्यावरही निदान अर्ध्या तासाचं इंधन टाकीत कसं राहील. लोकांना वाटतं, परत वर जाणं, आमच्या भाषेत 'गो अराउंड', हा ऐनवेळी सुचलेला उपाय असतो. तो उतार सुरू होण्याआधीच ठरलेला असतो, अण्णा. रोज, प्रत्येक उड्डाणात.

तुमचे कान दुखले त्याचंही सांगते. वर असताना आतली हवा आम्ही दाबून ठेवतो, पण जमिनीइतकी दाबत नाही. तुम्ही जेव्हा चहा पीत होतात तेव्हा आत सात हजार फुटांच्या आसपासची हवा होती, म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षा वरची. उतरताना ती हळूहळू मुंबईच्या हवेएवढी करावी लागते. घाईने उतरलं तर कानाला ते आधी कळतं. आवंढा गिळत राहायचं, आणि पुढच्या वेळी सर्दी असेल तर येऊच नका.

आता त्या दुपारचं.

दिल्लीहून येणारं विमान उत्तरेकडून येतं, पण पावसाळ्यात वारा समुद्रावरून, म्हणजे पश्चिमेकडून असतो. उतरायचं वाऱ्याच्या तोंडावर. म्हणून आम्हाला पूर्वेच्या अंगाने खाली आणलं आणि तिथून उजवीकडे पश्चिमेला वळून, ठाण्याची खाडी ओलांडून, घाटकोपरवरून धावपट्टीवर यायचं होतं. तुमचा कसारा तेव्हा ढगांखाली डाव्या हाताला होता. मला तो दिसला नाही, पण तो तिथे आहे हे मला माहीत होतं.

कॅप्टन चालवत होते. माझं काम रेडिओवर बोलणं आणि बघणं. बघणं हे आमच्याकडे रीतसर काम आहे, ज्याच्या हातात विमान नाही त्याने आकडे बघायचे आणि बोलायचं. हिशेब अगदी बरोबर चालला होता. मग वळायच्या जागेवर ढग उभा राहिलेला दिसला. रडारच्या पडद्यावर मधोमध लालभडक. त्यात कुणी शिरत नाही. आम्ही परवानगी मागितली आणि ढगाच्या अलीकडूनच वळलो. निर्णय बरोबर होता, पुन्हा तीच वेळ आली तरी मी तेच सुचवीन. पण त्या वळणाने आमचे आठ मैल खाल्ले. तीनचा पाढा उलटा म्हणा: आठ मैल कमी म्हणजे सुमारे २,७०० फूट जास्त. क्षणापूर्वी आम्ही बरोबर उंचीवर होतो, वळल्यावर एकदम उंच झालो, आणि विमान मात्र तेच, वेगही तोच.

आम्ही स्पीडब्रेक काढले, ती थरथर तुम्हाला जाणवली असेल. मग चाकं नेहमीपेक्षा लवकर सोडली. पायाखाली जो धडाका झाला तो चाकांचा. उघडी चाकं हवा अडवतात, आमच्याकडचा सगळ्यात चांगला ब्रेक तोच. उधारी फिटत आली होती. खरंच फिटत आली होती.

धावपट्टीपर्यंत येणारी शेवटची वाट तीन अंशांची असते. त्या वाटेवर आमच्या वेगाला, म्हणजे ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास, मिनिटाला ७०० फूट उतरायचं असतं. आणि १,००० फुटांवर एक अदृश्य नाका आहे. तिथे पोचेपर्यंत विमान वाटेवर हवं, वेग ठरलेला हवा, चाकं आणि पंखांचे फ्लॅप शेवटच्या जागी हवेत, इंजिनांचा जोर जिथल्या तिथे हवा. यातलं एक जरी नसलं तर उतरायचं नाही. 'अजून दोनशे फुटांत जमवतो' हे वाक्य तिथे चालत नाही. त्या नाक्यावर आमचा वेग १८ नॉट, म्हणजे ताशी १८ सागरी मैल, जास्त होता आणि आम्ही मिनिटाला १,२०० फुटांनी खाली येत होतो.

मी म्हणाले, "अनस्टेबल. गो अराउंड."

कॅप्टनना माझ्या वयाइतकी वर्षं विमानात झाली असतील. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "गो अराउंड" म्हणाले आणि दोन्ही थ्रॉटल पुढे ढकलले. तुम्ही सीटला दाबले गेलात तो क्षण हा. चाकं वर घेतली, ठरवून ठेवलेल्या रस्त्याने समुद्रावर गेलो, फेरी घेतली, रांगेत परत लागलो आणि २२ मिनिटांनी उतरलो. उतरताना धक्का बसला, तोही मुद्दाम. ओल्या धावपट्टीवर विमान हळुवार टेकवलं तर चाकं पाण्यावर घसरू शकतात, ठामपणे टेकवावं लागतं. लोक मऊ लँडिंगला टाळ्या वाजवतात. मला ते वैमानिकाचं माप वाटत नाही, आणि मी ते कधी मानणारही नाही.

अण्णा, तुम्ही एक गोष्ट जेवताना सांगायचात. पावसाळ्यातली रात्र, गाडी भरलेली, घाटात निम्म्यात आलेली. मागून कंडक्टर काकांनी दोरी ओढली, एकच घंटी. डबल असती तर गाडी सोडायची, सिंगल म्हणजे थांबवायची. थांबा नाही, वस्ती नाही, कडेला जागाही धड नाही. तुम्ही गाडी डोंगराच्या अंगाला घेऊन उभी केलीत आणि मग मान वळवून विचारलंत, "काय झालं?" मागच्या चाकातून धूर येत होता. ब्रेकचा लायनर जळत होता. समोर बघणाऱ्या तुम्हाला तो दिसणं शक्य नव्हतं. मी विचारायचे, "त्यांची चूक झाली असती तर?" तुम्ही म्हणायचात, "तर पाच मिनिटं गेली असती."

आमच्या प्रशिक्षणात हेच शिकवायला दिवसच्या दिवस लावतात.

कारण घंटी वाजूनही गाडी थांबली नाही असं घडलेलं आहे. २२ मे २०१०, पहाटे, मंगळुरू. दुबईहून विमान येत होतं, आत १६६ माणसं. मंगळुरूची धावपट्टी टेकडीच्या माथ्यावर कापलेली, कडेला दरी. तिथलं रडार बंद होतं, त्यामुळे उतरायची परवानगी उशिरा मिळाली. विमान ३७,००० फुटांवर होतं. सदतीस त्रिक एकशे अकरा मैल हवे होते, आणि उतार सुरू झाला तेव्हा ऐंशीही उरले नव्हते. पुढे फिरून ते मैल भरून काढता आले असते. पण कॅप्टनना प्रवासात बराच वेळ झोप लागलेली होती, हे कॉकपिटमधल्या आवाजाच्या नोंदीवरून नंतर समजलं. विमान धावपट्टीजवळ पोचलं तेव्हा जेवढं हवं त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर होतं. शेजारी बसलेल्या सहवैमानिकाने तीन वेळा सांगितलं, गो अराउंड. यंत्रही ओरडून सांगत होतं. विमान दगडासारखं खाली आणलं गेलं आणि ८,०३३ फुटांच्या धावपट्टीवर ५,२०० फूट पुढे जाऊन टेकलं. पुढची जागा पुरली नाही. १५८ माणसं गेली, आठ वाचली.

त्या अपघाताच्या चौकशीचे प्रमुख होते निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले. चौकशीने कारण लिहिलं ते थोडक्यात असं: बिघडलेला उतार कॅप्टनने सोडून दिला नाही, सहवैमानिकाने तीन वेळा सांगूनही. तो अहवाल मी प्रशिक्षणात वाचला. नंतर पुन्हा वाचला, आणि दर वेळी माझी नजर त्या 'तीन वेळा'वर अडते. रडार बंद असणं, झोप लागणं, हे सगळं होऊनही त्या पहाटे १५८ माणसं घरी गेली असती. पहिल्या पुकाऱ्याला विमान वर न्यायला हवं होतं, बस. दुसरी फेरी, वीस-पंचवीस मिनिटं.

दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० ला, कोळिकोडला भर पावसात तसंच झालं. ती धावपट्टीही टेकडीवरची, वारा मागून, विमान जवळजवळ निम्मी धावपट्टी ओलांडून टेकलं. तिथेही दुसऱ्या वैमानिकाचा 'गो अराउंड' नोंदीत आहे. २१ जण गेले, दोन्ही वैमानिक त्यात होते. त्यांच्याविषयी मी वावगं बोलणार नाही. त्या खुर्चीत बसल्यावर, पाऊस काचेवर आपटत असताना, दिवे समोर दिसत असताना, उतरून टाकावं हा मोह किती मोठा असतो, ते मला माहीत आहे. धावपट्टी समोर असते, मागे दीडशे माणसं असतात, त्यांना घरी जायचं असतं. मन म्हणतं, एवढं तर जमेल. त्या मनासाठीच १,००० फुटांवरचा तो नाका आहे आणि त्या मनासाठीच शेजारी दुसरा माणूस बसवलेला आहे.

त्या दिवशी उतरल्यावर इंजिन बंद करून आम्ही कागद भरले. मी गो अराउंडची नोंद केली, कारण लिहिलं. आमच्याकडे यासाठी कुणाला जाब विचारत नाहीत, आणि तसंच असायला हवं. ज्या दिवशी वर जाण्याबद्दल खुलासा द्यावा लागेल त्या दिवसापासून लोक खाली रेटायला लागतील. कॅप्टन टोपी उचलताना मला म्हणाले, "गुड कॉल," आणि गेले. मी सामान घेऊन बाहेर आले तर तुम्ही तिथे उभे होतात, पिशवी दोन्ही हातांनी धरून. मी जेवले होते, अण्णा. पण त्या वेळी बोलायला माझ्याकडे शब्द नव्हते, म्हणून नुसती मान हलवली.

शेजारच्या त्या माणसाला हे पत्र कधी वाचायला मिळालं तर बरं. त्याला मी एवढंच सांगीन की विमान चालवत होते ते कॅप्टन, आणि घंटी वाजवली ती बाईने.

दिवाळीत तुम्हा दोघांची तिकिटं काढते. हैदराबादची, मावशीकडे. मी त्या विमानात नसेन, तेव्हा काळजी करू नका आणि फुशारकीही मारू नका. येताना उजवीकडची खिडकी घ्या. इंजिनाचा आवाज बसला की घड्याळ बघा, तिथून साधारण पंचवीस मिनिटं. आणि विमान घाटकोपरवरून परत वर गेलं, तर शेजाऱ्याला सांगा, आत कुणीतरी दोरी ओढली आणि ड्रायव्हरने गाडी थांबवली.

आईला नमस्कार. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळवा.

तुमची,
धाकटी